नॉइज (फोटोतली खरखर) काढायला गेलं की चेहरे मेणचट होतात, नेमकं कुठे थांबायचं?

मंद_प्रकाश

नमस्कार मंडळी, इथे कमी उजेडात फोटो काढणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. जरा सविस्तर लिहितो म्हणजे तुम्हाला परत परत माहिती मागावी लागणार नाही. एका नृत्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढलेत, बंद हॉल, मागे काळा पडदा, वरून रंगीत एलईडी आणि समोरून एकच पांढरा स्पॉट. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा 24 मेगापिक्सेलवाला, लेन्स 50 एमएम एफ 1.8, बहुतेक फोटो एफ 2 या अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राचा आकडा), शटर 1/250 सेकंद आणि आयएसओ (कॅमेरा फोटो किती उजळवतो ती पातळी) 6400. रॉ (सेन्सरची कच्ची फाईल) आणि जेपेग दोन्ही आहेत. इतकं करूनही फोटो काळपट आलेत त्यामुळे कॉम्प्युटरवर साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवावा लागतोय.

अडचण अशी की उजेड वाढवला की पडद्यावर आणि गडद कपड्यांवर लाल-हिरवे-जांभळे चट्टे दिसायला लागतात आणि चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला खरखर येते. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज काढायचे ल्युमिनन्स (उजेडाचा) आणि कलर (रंगाचा) दोन्ही स्लायडर 70 च्या पुढे नेले की सगळं स्वच्छ होतं खरं, पण चेहरा मेणचट होतो, भुवईचे केस एकमेकांत विरघळून तिथे एक तपकिरी पट्टा उरतो आणि कपड्याची वीण पूर्ण पुसली जाते, नुसता सपाट रंग राहतो. एआय डीनॉइज पण करून पाहिलं, काही फोटो अप्रतिम आले पण काहींत पापण्या आणि केस नको इतके धारदार आणि गाल मात्र एकदम गुळगुळीत, बघताक्षणी कळतं की यावर काहीतरी केलंय. कॅमेऱ्यातून आलेले जेपेग रॉपेक्षा स्वच्छ वाटतात पण झूम केलं की तिथेही सगळं फासलेलं.

तर विचारायचं असं की नॉइज किती काढायचा, कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवता कसं, आधी शार्प करायचं की आधी नॉइज काढायचा, आणि एक मित्र म्हणतो की आयएसओ 1600 वरच ठेव आणि मागाहून उजेड वाढव म्हणजे नॉइज कमी येतो, हे खरंय का? फोटो नर्तकांना द्यायचेत, काहींना 12 बाय 8 इंचाचे प्रिंट हवेत, बाकीचे मोबाईलवरच बघितले जातील.

जुना_शटर

प्रश्न नीट मांडलाय, म्हणून उत्तर द्यायला बरं वाटतंय. पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही स्लायडर जोडीने वर न्यायचं बंद करा, कारण ते दोन वेगवेगळे नॉइज आहेत आणि डोळ्यांना त्यांचा त्रासही वेगवेगळा होतो. एक रंगाचा नॉइज, म्हणजे तुम्ही म्हणताय ते लाल-हिरवे-जांभळे चट्टे, आणि दुसरा उजेडाचा म्हणजे ल्युमिनन्स नॉइज, ज्यात रंग तोच राहतो पण एक पिक्सेल जरा उजळ आणि शेजारचा जरा गडद, त्यामुळे फोटो रवाळ दिसतो. रंगाचा नॉइज कुठल्याही चेहऱ्यावर वाईटच दिसतो, तो जवळजवळ सगळा काढून टाका. ल्युमिनन्सचा मात्र थोडा राहू द्यायचा असतो, कारण त्वचेची छिद्रं, भुवईचे केस, कापडाची वीण हे सगळं नेमकं त्याच बारीक उजेड-अंधाराच्या फरकात असतं आणि सॉफ्टवेअरला बऱ्याचदा कळत नाही की यातलं खरं काय आणि खरखर काय.

रंगाचा इतका निर्धास्तपणे का काढता येतो तर आपल्या डोळ्याला रंगातलं बारीक डिटेल फार कमी कळतं. साधं जेपेग बघा, बहुतेक वेळा त्यात रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी करून साठवलेली असते, म्हणजे उजेडाच्या एक चतुर्थांश, आणि तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लाइटरूममध्ये रॉ उघडल्यावर कलर आपोआप 25 असतो आणि ल्युमिनन्स 0 असतो, त्यात काहीतरी विचार आहे. तुमच्या फोटोंना कलर 40 ते 50 लागेल असा अंदाज, एक स्टॉप उचललाय म्हणून. त्याच्या फार पुढे नेलात तर ओठांचा लाल रंग हनुवटीकडे झिरपतो आणि छोटे रंगीत मणी फिके पडतात, तेवढं बघा. मोठाले चट्टे राहिलेच तर कलरखालचा स्मूदनेस वाढवा, तो त्यासाठीच आहे.

ल्युमिनन्स 15 पासून सुरू करा आणि 30 च्या आसपास थांबा, तिथे बहुतेक काम होतं. त्याच्याखालचा डिटेल स्लायडर 50 वर असतो, तो वर नेला की केस वाचतात पण खरखरही वाचते, खाली नेला की गुळगुळीतपणा वाढतो. चेहऱ्यांसाठी मी तो 60 च्या आसपास ठेवतो.

आणि काळा पडदा! त्यात काय बघायचंय कुणाला? ब्लॅक्स आणि शॅडोज हे गडद भागांचे स्लायडर खाली ओढा, पडदा पूर्ण काळा होऊ द्या, अर्धा नॉइज तिथेच गायब होईल आणि एकाही केसाला धक्का लागणार नाही. आजकाल सगळ्यांना सावल्या उचलायची सवय लागलीये, पण स्टेजवर अंधार हा फोटोचा भाग असतो, तो अंधारच दिसला पाहिजे. नॉइज रिडक्शनच्या आधी हा विचार करावा असं माझं ठाम मत आहे.

क्रमाचं म्हणाल तर आधी नॉइज, मग शार्प. शार्प करणं म्हणजे शेजारच्या पिक्सेलमधला फरक वाढवणं आणि नॉइज म्हणजे नेमका तोच फरक. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्लायडर कुठल्याही क्रमाने हलवले तरी आतला क्रम तोच सांभाळतं, पण शार्पनिंग रॉवर आपोआप 40 असतं आणि मास्किंग (शार्पनिंग कुठे लागू नये ते ठरवणारा स्लायडर) 0, म्हणजे पडदा आणि गालसुद्धा शार्प होत असतात. आल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर उजवीकडे सरकवा, पडदा काळा होऊन फक्त डोळे, केस, दागिने, कपड्याच्या कडा पांढऱ्या राहिल्या की थांबा. क्लॅरिटी, टेक्स्चर, डीहेझ हे उठाव वाढवणारे तिन्ही स्लायडर खरखर फुगवतात, चेहऱ्यावर ते वाढवून वर नॉइज रिडक्शन वाढवायचं हे उलटसुलट काम होतं.

जेपेग फासलेले दिसतात ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या हाय आयएसओ नॉइज रिडक्शनमुळे. ते मेनूत जाऊन लो किंवा ऑफ करता येतं. रॉवर सहसा त्याचा परिणाम नसतो.

फोटॉन_मोजणी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मित्राच्या आयएसओवाल्या सल्ल्याबद्दल लिहितो कारण हा गैरसमज फार पसरलाय.

नॉइज आयएसओमुळे येत नाही, तो उजेड कमी पडल्यामुळे येतो. प्रकाश फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) रूपात येतो आणि फोटॉन ठरावीक तालात येत नाहीत, मागेपुढे येतात. एखाद्या पिक्सेलवर सरासरी 100 फोटॉन पडत असतील तर प्रत्येक वेळी बरोबर 100 पडणार नाहीत, साधारण 10 चा फरक राहणार, म्हणजे 10 टक्के चढउतार. 10,000 पडत असतील तर फरक 100 चा, म्हणजे फक्त 1 टक्का. हा वर्गमुळाचा हिशोब आहे, तो कितीही महाग कॅमेरा घेतला तरी चुकत नाही. उजेड चौपट केला तर चित्र नॉइजच्या तुलनेत दुप्पट स्वच्छ होतं, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड दिला तर 1.4 पट. सावलीत जास्त खरखर का, तर तिथे फोटॉनच कमी पोचलेत.

आता तुमचं शटर 1/250 आणि अ‍ॅपर्चर एफ 2 आहे, ते तेच ठेवून आयएसओ 6400 चा 1600 केलात तर सेन्सरवर पडणारा उजेड तेवढाच राहतो. फोटॉन तेवढेच, त्यामुळे हा नॉइजही तेवढाच. मग घरी येऊन अजून 2 स्टॉप उचलणार, उलट सेन्सरमधून आकडे वाचताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची जी थोडी खरखर मिसळतं ती बऱ्याच कॅमेऱ्यांत कमी आयएसओला तुलनेने जास्त असते, तीही उचलली जाणार. काही नवीन सेन्सर असे आहेत की दोन्हीकडून जवळपास सारखाच निकाल येतो, त्यांना आयएसओ इनव्हेरियंट म्हणतात. तिथे कमी आयएसओचा एकच खरा फायदा, स्पॉटखालचा चेहरा किंवा दागिने पांढरेफट्ट होत नाहीत. पण नॉइज कमी होतो हे काही खरं नाही. तुमचे फोटो आधीच एक स्टॉप काळपट आहेत, म्हणजे तिथे आयएसओ 12800 लावलं असतं तरी नॉइज यापेक्षा फारसा वेगळा आला नसता.

अजून दोन गोष्टी. पिवळसर दिव्याखाली निळ्या रंगाचा उजेड फार कमी असतो, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) बरोबर करताना सॉफ्टवेअर निळा चॅनल (फोटोतला निळ्या रंगाचा थर) भरपूर वाढवतं आणि त्याबरोबर त्याचा नॉइजही, म्हणून अशा दिव्यांत चट्टे निळे-जांभळे दिसतात. चॅनल वेगवेगळे करून बघा, लाल आणि हिरवा बरा असतो, निळा मात्र खरखरीने भरून गेलेला असतो. दुसरं, एफ 2 ला लेन्सचे कोपरे काळवंडतात, लेन्स प्रोफाइल लावलं की सॉफ्टवेअर कोपरे उचलतं आणि तिथला नॉइज वर येतो. स्टेजच्या फोटोत कोपरे काळे राहिले तर काय बिघडतं, व्हिग्नेटिंगची (कोपरे काळवंडण्याची) दुरुस्ती 0 करून बघा.

विंगेतून

मी स्टेजचेच फोटो काढते म्हणून काढतानाच्या बाजूने लिहिते, कारण नंतर कितीही स्लायडर हलवले तरी जो उजेड आलाच नाही तो आणता येत नाही.

नृत्यात सारखी हालचाल असते हे खरं, पण प्रत्येक हालचालीत एक क्षण असा येतो की हात वर जाऊन खाली यायच्या आधी जवळजवळ थांबलेला असतो, गिरकी संपून पाय जमिनीवर टेकतो, मान वळून नजर स्थिर होते. त्या क्षणी 1/125 पुरतं, कधीकधी 1/100 सुद्धा. 1/250 वरून 1/125 वर आलात की उजेड दुप्पट झाला, वर फोटॉन_मोजणींनी सांगितलेला 1.4 पटीचा फायदा फुकट मिळाला. रचना आधी एकदा बघितलेली असेल, तालमीला जाऊन बसलेलं असेल तर ते क्षण कधी येणार हे कळतं, म्हणून मी जमेल तिथे तालमीला जातेच. पण उडीचा फोटो असेल तर 1/500 च लागेल आणि नॉइज पत्करावा लागेल. हललेला चेहरा कुठलंच सॉफ्टवेअर धड दुरुस्त करत नाही, रवाळ चेहरा मात्र चालतो, खूप छान चालतो. या दोघांत निवड करायची वेळ आली तर कायम नॉइज निवडा.

मीटरिंग, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो ते, बघा. काळा पडदा फ्रेममध्ये असला की पूर्ण फ्रेमचं मीटरिंग फसतं आणि चेहरा जळतो (पांढराफट्ट होतो), म्हणून लोक घाबरून सरसकट काळं काढतात. स्पॉट मीटरिंग चेहऱ्यावर लावा किंवा सरळ मॅन्युअलवर या, पांढऱ्या स्पॉटखाली कपाळाचा सगळ्यात उजळ भाग जेमतेम शाबूत राहील इतपत उजेड घ्या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे जितका नेता येईल तितका न्यायचा, फक्त भिंतीला आपटू द्यायचा नाही.

आणि एक सांगते, तुमच्या फोटोंत आडवे गडद-फिके पट्टे असतील तर तो नॉइज नाही. एलईडी दिवे फार वेगाने चालू-बंद होत असतात आणि शटरशी त्यांचा मेळ बसला नाही की पट्टे येतात, इलेक्ट्रॉनिक शटरला तर जास्तच. त्यावर नॉइजचा स्लायडर ओढून चेहऱ्याचं वाटोळं होतं आणि पट्टे तिथेच राहतात. मेकॅनिकल शटर वापरा, कॅमेऱ्यात अँटी फ्लिकर असेल तर ते करून बघा, नाहीतर शटर थोडं कमीजास्त करून पट्टे जातात का बघा. गडद निळ्या किंवा किरमिजी एलईडीखाली चेहऱ्याचा बाकीच्या चॅनलमध्ये जवळपास काहीच उजेड नसतो, असे फोटो मी सरळ कृष्णधवल करते, रंगाचा नॉइजच उरत नाही आणि उरलेला रवा कृष्णधवलमध्ये शोभतो.

स्वच्छ_फ्रेम

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. ज्यांना फोटो द्यायचे असतात त्यांना नॉइज अजिबात नको असतो, ते मोबाईलवर दोन बोटांनी झूम करतात आणि विचारतात हे ठिपके कसले. एआय डीनॉइज आलंय तर वापरा की भरपूर, जुन्या स्लायडरवर तासन्‌तास घालवण्यात काय अर्थ आहे. माझे बहुतेक इनडोअर फोटो त्यातूनच जातात आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

मिड_टोन

स्वच्छ_फ्रेम, वापरू नका असं इथे कुणी म्हणत नाहीये, मीही वापरतो आणि जुन्या स्लायडरपेक्षा ते खूपच पुढे गेलंय हे मान्यच आहे. का पुढे गेलंय तेही समजून घेण्यासारखं आहे. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा, कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या 1976 च्या पेटंटपासून बहुतेक कॅमेरे याच जाळीवर चालतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, त्याला डीमोझेक म्हणतात. आता एका पिक्सेलमध्ये नॉइज असेल तर तो या अंदाजातून आजूबाजूच्या पिक्सेलमध्येही पसरतो आणि सुटा ठिपका न राहता चट्टा होतो. डीएक्सओ कंपनीचं डीपप्राइम किंवा लाइटरूममध्ये 2023 ला आलेलं डीनॉइज हे काम रॉवरच, डीमोझेकच्या वेळीच करतं, म्हणून चट्टा तयारच होत नाही. त्यामुळे जेपेगवर तेवढा चांगला निकाल मिळत नाही, तिथे चट्टेही पक्के झालेत आणि कॉम्प्रेशनची मोडतोडही मिसळलीये. मंद_प्रकाश, तुम्ही रॉ ठेवलेत हे फार चांगलं केलंत.

पण हे टूल शिकलेलं असतं की केस असे दिसतात, पापण्या अशा दिसतात, आणि जिथे फोटोत माहितीच नाही तिथे ते आपल्या शिकवणीतून भरतं. पुढच्या नर्तिकेच्या चेहऱ्यावर भरपूर पिक्सेल आहेत, तिथे ते सुंदर काम करतं. मागच्या रांगेतला चेहरा 40-50 पिक्सेलचा असेल तर तिथे भलतेच डोळे तयार होऊ शकतात, त्या माणसाला स्वतःचा चेहरा ओळखू येणार नाही. मागच्या फलकावरची छोटी अक्षरं तर मी अशी बघितली आहेत की लांबून अक्षरं वाटतात आणि जवळून कुठल्याच लिपीत बसत नाहीत. म्हणून सरसकट पूर्ण जोरात लावायला माझा विरोध आहे, कुणी तक्रार केली नाही तरी.

मी करतो ते सांगतो. लाइटरूमच्या डीनॉइजमध्ये अमाउंट 50 वर असतो, तो 25-35 ला आणतो. गाल पूर्ण गुळगुळीत न होता थोडा रवा राहतो, आणि मुख्य म्हणजे केस आणि गाल यांच्यातली ती विचित्र तफावत कमी होते, तुम्ही जे म्हणताय ना की बघताक्षणी कळतं, ते या तफावतीमुळेच कळतं. एक भाग वस्तऱ्यासारखा आणि दुसरा सपाट असं खऱ्या लेन्समधून एकाच अंतरावर कधी येत नाही. ज्या टूलमध्ये अमाउंट नसतो तिथे मूळ फोटो आणि स्वच्छ केलेला फोटो दोन लेयरवर ठेवून वरच्याची ओपॅसिटी (ठळकपणा) 60-70 करतो. मागच्या छोट्या चेहऱ्यांवर मास्क लावून तिथे मूळच ठेवतो.

शेवटी थोडा ग्रेन (फिल्मसारखा बारीक रवा) घालतो. आत्ता नॉइज काढला आणि परत ग्रेन कशाला घालायचा असं विचारतात लोक, पण कारण आहे. नॉइज काढल्यावर काही भाग स्वच्छ, काही अर्धवट, काही रवाळ असा तुकड्यातुकड्यांचा पोत होतो आणि डोळ्याला तो तुकडेपणा खुपतो. सगळीकडे एकसारखा, बिनरंगी, बारीक ग्रेन आला की फोटो परत एकजीव दिसतो. अमाउंट 10 ते 15, साइज 20-25, बस. गडद पडद्यावर स्पॉटच्या कडेला उजेड हळूहळू कमी होतो ना, तिथे फार स्वच्छ केलं की पायऱ्या दिसायला लागतात, ग्रेनने त्याही मोडतात.

मुक्त_सॉफ्टवेअर

लाइटरूम नसणाऱ्यांसाठी थोडं लिहून ठेवतो, धागा वाचणाऱ्यांत असेही असतील. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत. डार्कटेबलमध्ये डीनॉइज प्रोफाइल्ड नावाचं मॉड्यूल आहे, त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांचा प्रत्येक आयएसओचा नॉइज आधीच मोजून ठेवलेला आहे, आयएसओ फाईलमधून वाचून ते आपापलं बसतं. त्यात वेव्हलेट मोड (बारीक आणि मोठा पोत वेगळा करणारी पद्धत) घ्या आणि रंग-उजेड वेगळा करणारा पर्याय निवडा, मग रंगाच्या वक्रात जोरात काढा आणि उजेडाच्या वक्रात फक्त सगळ्यात बारीक रव्याला हात लावा. दुसरा मोड नॉन लोकल मीन्स, तो एका पिक्सेलसाठी फोटोत इतरत्र तसाच दिसणारा तुकडा शोधतो आणि त्यांची सरासरी घेतो, ही पद्धत 2005 ची आहे पण कापडाच्या विणीसारखा परत परत येणारा पोत अजूनही छान सांभाळते.

हातात फक्त जेपेग असेल तर गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लेयरची नक्कल करा, नकलेला गॉशियन ब्लर (धूसरपणा) द्या, मग लेयरचा मोड बदलून एलसीएच कलर करा. आता ब्लर फक्त रंगाला लागला, उजेडातलं डिटेल खालच्या लेयरमधून जसंच्या तसं येतं. ब्लर किती द्यायचा ते ओठांच्या कडेला बघून ठरवा, रंग बाहेर सांडायला लागला की मागे या.

आणि जे विषय हलत नाहीत, वास्तू, मूर्ती, टेबलावरची वस्तू, तिथे सगळ्यात नैसर्गिक उपाय म्हणजे एकाच जागेवरून बरेच फोटो काढून त्यांची सरासरी. 4 फोटो घेतले तर नॉइज निम्मा, 16 घेतले तर पाव, परत तेच वर्गमूळ. यात काही पुसलं जात नाही, काही कल्पनेने भरलं जात नाही, खरोखरचा उजेड वाढतो. मोबाईलचे नाइट मोडही आतून हेच करतात, भराभर बरेच फ्रेम घेऊन एकमेकांवर बसवतात. नृत्याला मात्र याचा उपयोग नाही.

मंद_प्रकाश

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. काल रात्री बसून काही फोटो परत केले. कलर 45, ल्युमिनन्स 25, मास्किंग 75 आणि ब्लॅक्स बरेच खाली, एवढ्यानेच अर्ध्याहून जास्त फोटो सुधारले, भुवईचे केस सुटे सुटे दिसतायत आणि कपड्याची वीणही परत आली. जे फार काळपट होते तिथे डीनॉइज 30 आणि वर थोडा ग्रेन. निळ्या दिव्याखालचे काही कृष्णधवल केले, ते तर आधीपेक्षा कितीतरी चांगले वाटतायत.

फक्त एक शंका उरलीये, 100 टक्के झूम केलं की अजूनही रवा दिसतो आणि हात परत स्लायडरकडे जातो. प्रिंटमध्ये हा दिसणार का? आणि मोबाईलवर पाठवताना काही वेगळं करायचं का?

जुना_शटर

100 टक्क्याला जायचं ते फोकस बघायला आणि रंगाचे चट्टे उरलेत का ते बघायला. ल्युमिनन्सचा निर्णय तिथे घ्यायचा नाही, तो फोटो ज्या आकारात बघितला जाणार त्या आकारात घ्यायचा. हिशोबच करा, तुमची फाईल 6000 बाय 4000 ची आहे. 12 बाय 8 इंचाचा प्रिंट 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 3600 बाय 2400 झाला, म्हणजे 24 मेगापिक्सेलचे साडेआठच्या आसपास राहिले. प्रिंटच्या एका ठिपक्यात तुमचे पावणेतीन पिक्सेल मिसळले जातात, त्या सरासरीतच नॉइज कमी होतो, वर शाई कागदात थोडी पसरते तिथे अजून कमी होतो. स्क्रीनवर 100 टक्क्याला नितळ दिसेपर्यंत साफ केलेला फोटो प्रिंटमध्ये निर्जीव दिसतो, हे मी खूपदा पाहिलंय. चकचकीत कागदावर रवा जरा जास्त कळतो, मॅटवर फारसा नाही.

मोबाईलसाठी तर अजून सोपं. लांब बाजू 2048 पिक्सेल करून एक्सपोर्ट करा, छोटं केल्यावरच शेवटचं हलकं शार्पनिंग, त्याआधी नाही. जेपेग क्वालिटी 85-90 च्या खाली नेऊ नका, जेपेग 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत काम करतं आणि क्वालिटी कमी केली की रव्याचे चौकोनी तुकडे पडतात, ते नॉइजपेक्षा वाईट दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते परत दाबलं जातं आणि ग्रेन घातलेले फोटो त्यात जास्त बिघडतात. मोबाईलवर पाठवायच्या प्रतीत ग्रेन निम्मा केला तरी चालेल.

प्रिंटबद्दल अजूनही धाकधूक असेल तर सगळे प्रिंट टाकायच्या आधी एक करा. फोटो 3600 बाय 2400 ला छोटा करा, त्यातून 1800 बाय 1200 चा तुकडा कापा आणि तो 6 बाय 4 वर प्रिंट करून घ्या, मोठ्या प्रिंटमध्ये रवा जेवढा दिसणार तेवढाच यात दिसेल. तुकडा असा कापा की त्यात चेहऱ्याची सावलीची बाजू, थोडे केस आणि थोडा पडदा तिन्ही येतील. ल्युमिनन्स 15, 25 आणि 40 चे असे तीन काढा, मागे पेन्सिलने आकडा लिहा आणि हातभर अंतरावर धरून बघा. जो आकडा ठरेल तो त्याच आयएसओच्या आणि तेवढ्याच उचललेल्या बाकीच्या फोटोंना सिंक करून टाका, जास्त उचललेले तेवढे वेगळे बघा.